पट्टी एक, वाचणारे दोन

रत्नागिरीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय ३६, मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. मे महिन्यात भर दुपारी जेटीवर उभा असताना पडला, हातपाय झटकले. ईईजी काढला, म्हणजे मेंदूच्या विजेच्या लाटांची पट्टी. इथल्या अहवालात ‘डाव्या टेम्पोरल भागात एपिलेप्टिफॉर्म शार्प वेव्ह’ असं आलं, म्हणजे डाव्या कानाच्या वरच्या भागात अपस्मारासारखी (फिटच्या आजारासारखी) टोकदार लाट, आणि फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. घरच्यांनी तेच रेकॉर्डिंग मुंबईत दाखवलं, तर तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं: ‘विकेट स्पाइक्स. नॉर्मल प्रकार. अपस्माराची खूण नाही.’ ताई म्हणतात, “पट्टी एकच, मग दोन तज्ज्ञ दोन गोष्टी कशा सांगतात? खरं कुणाचं धरायचं? गोळ्यांनी तो हल्ली सारखा चिडतो. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठेल, त्याला बोटीवर पाठवू की नको?”

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. या दोन कागदांच्या जोरावर त्याला बोटीवर पाठवू नका, आणि याच दोन कागदांच्या जोरावर त्याची तांडेलकी कायमची सोडायलाही लावू नका. जून-जुलैची बंदी आहे तोवर हातात दिवस आहेत. गोळ्या मनाने बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर ज्याला कधी फिट आली नाही त्यालाही येऊ शकते. चिडचिड मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांना नक्की सांगा. गोळी लेव्हेटिरासेटाम असेल तर हा तिचा ओळखीचा त्रास आहे. पर्याय असतात.

आता मूळ मुद्दा. मी वीसेक वर्षं ईईजी वाचतो आहे, आधी मुंबईत आणि नंतर इथे किनाऱ्यावर. दोन अहवाल वेगळे आले याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे घरात कुणाला आकडी आली की आधी देवाला कौल लावतात आणि मग ‘डोक्याची पट्टी’ काढतात. आणि त्या पट्टीकडेही कौल म्हणूनच बघतात: उजवा की डावा, आहे की नाही. पट्टीकडून तेवढं निघत नाही.

ईईजीत नेमकं काय असतं ते सांगतो. डोक्यावर ठरलेल्या २१ जागी इलेक्ट्रोड लावतात. हृदयाचा ईसीजी साधारण मिलिव्होल्टमध्ये मोजतात. मेंदूचा सिग्नल कवटीतून बाहेर येईपर्यंत जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्ट उरतो. पडद्यावर एका पानात १० सेकंद दिसतात. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग म्हणजे १८० पानं, आणि प्रत्येक पानावर वीसेक रेघा शेजारी शेजारी धावत असतात. त्यात आम्ही शोधतो काय, तर २० ते ७० मिलिसेकंदांचा स्पाइक किंवा ७० ते २०० मिलिसेकंदांची शार्प वेव्ह. पापणी लवायलाही बहुधा याहून जास्त वेळ लागतो. बरं, अशी टोकदार दिसणारी प्रत्येक लाट अपस्माराची नसते. झोप लागताना, डोळे हलताना, दात चावताना निरोगी मेंदूतून आणि स्नायूंतूनही टोकदार लाटा येतच असतात.

आंब्याच्या मोसमात पेट्या भरायला बसलेली दोन जुनी माणसं तुम्ही बघितली असतील. ढिगातले बहुतेक हापूस दोघंही एकाच बाजूला टाकतात, न बोलता. सडका आंबाही दोघांना एकदमच दिसतो. भांडण होतं ते मधल्या पाच-पंचवीस आंब्यांवर. देठाजवळ बारीक डाग आहे, पण दाबून बघितलं तर घट्ट आहे. एक म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो काढ. यात एकाला आंबा कळतो आणि दुसऱ्याला कळत नाही असं नसतं. ज्याचा माल गेल्या वर्षी परत आला तो कडक होतो, ज्याला पेटी पुरी करायची आहे तो सैल होतो. उंबरठा ज्याचा त्याचा. (आणि आत साका, म्हणजे खराब झालेला गर, आहे की नाही हे बाहेरून दोघांनाही दिसत नाही, ते वेगळंच.)

ईईजीतही बरंचसं असंच घडतं, आणि हे मी नुसत्या अनुभवावरून म्हणत नाही. २०२० साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ तज्ज्ञांना १३,२६२ संशयास्पद लाटा दाखवून प्रत्येक लाटेबद्दल विचारलं: ही अपस्माराची आहे की नाही? सुट्या लाटांवर त्यांचं एकमत ७२.४ टक्के निघालं. अख्ख्या रेकॉर्डिंगबद्दल विचारल्यावर ते ८०.९ टक्क्यांवर गेलं. आणि मतभेदाचा मोठा वाटा कुठून आला, तर उंबरठ्यांतून. कुणी थोड्याशा संशयावर ‘हो’ म्हणणारा, कुणी पक्की खात्री पटेपर्यंत ‘नाही’ म्हणणारा.

ऐंशी टक्के ऐकायला बरे वाटतात, पण इथे एक गोम आहे. समजा, आपली ती दोन माणसं डोळे झाकून १०० पैकी ९० आंबे चांगले आणि १० डागी असं म्हणत सुटली. तरी निव्वळ योगायोगाने ८२ आंब्यांवर त्यांचं एकमत होईल: ८१ वेळा दोघंही ‘चांगला’ म्हणतील आणि एकदा दोघंही ‘डागी’. म्हणून एकमतातून हा योगायोगाचा भाग वजा करून उरलेलं मोजायची पद्धत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडली. त्या मापाला कप्पा म्हणतात. शून्य म्हणजे सगळा योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. वरच्या अभ्यासात सुट्या लाटेवर कप्पा ०.४९ आला, म्हणजे मध्यम. अख्ख्या रेकॉर्डिंगवर ०.६९, म्हणजे बऱ्यापैकी चांगला. यातून मी रोजच्या कामापुरतं एवढं घेतो की कुणी एकाच लाटेवर बोट ठेवून ‘बघा, ही अपस्माराची’ म्हणत असेल तर सावध व्हावं. तशीच लाट त्याच जागी पुन्हा पुन्हा, जागेपणी आणि झोपेतही येत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक कबुली. करोनाच्या काळात दवाखाना ओस पडला होता तेव्हा मी माझीच जुनी रेकॉर्डिंग, नाव आणि अहवाल झाकून, पुन्हा वाचायला घेतली. काही ठिकाणी माझं माझ्याशीच पटलं नाही. दुसऱ्या तज्ज्ञाशी पटलं नाही तर त्यात नवल ते काय!

मतभेद सगळीकडे सारखा नसतो, हेही सांगायला हवं. सात-आठ वर्षांची मुलगी वर्गात मधेच टक लावून गप्प होते, बाई ओरडतात. तिला भिंगरी फुंकायला देऊन तीन मिनिटं जोराने श्वास घ्यायला लावला, की सेकंदाला तीनच्या लयीत सगळ्या रेघा एकदम उसळतात, स्पाइक आणि मागे लाट, स्पाइक आणि मागे लाट, आणि भिंगरी थांबते. ते पान कुठल्याही तज्ज्ञाला दाखवा, दुसरं उत्तर यायचं नाही. भांडणं होतात ती टेम्पोरल भागात, पेंगताना, एखाददुसऱ्या लाटेवर. म्हणजे नेमकी तुमच्या भावाच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे तिथे.

विकेट स्पाइक म्हणजे काय ते जरा जवळून बघू. कानाच्या वरच्या भागात, बहुधा तिशी ओलांडलेल्या माणसात, डुलकी लागत असताना सेकंदाला ६ ते ११ या वेगाने कमानीसारख्या टोकदार लाटांची माळ येते. माळ आली तर ओळखायला सोपी. त्यातली एकच सुटी लाट वर आली की घोटाळा होतो, कारण ती हुबेहूब शार्प वेव्हसारखी दिसते. मग आम्ही आजूबाजूला बघतो. लाट दोन-तीन वळणांची आणि टोकदार आहे का. आजूबाजूच्या लाटांपेक्षा तिची लांबी वेगळी आहे का. ती एका बाजूने खडी चढून दुसऱ्या बाजूने सावकाश उतरते का; विकेट दोन्ही बाजूंनी सारखीच असते. तिच्या मागे मंद लाट ओढली जाते का. तिच्यामुळे मागची लय विस्कटली का, की लय तशीच चालू राहिली. आणि शेवटी, डोक्यावर तिचा पसारा असा आहे का की ती मेंदूतल्या एका जागेतून निघाली असं म्हणता येईल. ईईजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हे सहा निकष मांडलेले आहेत. जितके जास्त निकष पुरे होतात तितका फसण्याचा धोका कमी. दोन निकषांवर ‘एपिलेप्टिफॉर्म’ लिहिणारा आणि पाचांवर लिहिणारा, दोघंही त्याच पानावर बोट ठेवून बोलत असतात.

तरुणपणी मी दोनवर लिहिणारा होतो. कारण साधं होतं: भीती. ‘नाही’ लिहिलं आणि हा माणूस उद्या चालत्या रिक्षात आडवा झाला तर? एका रिक्षावाल्याला मी असंच लिहिलं. वय चाळिशीच्या आसपास, एकदाच चक्कर येऊन पडलेला. त्याने रिक्षा विकली, दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या, भावाच्या दुकानात बसला. पुढे मुंबईतल्या एका वडीलधाऱ्या डॉक्टरांना ते रेकॉर्डिंग दाखवलं. त्यांनी ते पान दुसऱ्या माँटाजमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडच्या जोड्या वेगळ्या लावून, बघितलं, तीन पानं मागे गेले, चार पानं पुढे गेले. पुढच्या पानावर तीच लाट, पण सात-आठ जणींच्या माळेत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त म्हणाले, “पुढचं पान बघितलं होतंस का?” बघितलं होतं. पण तोवर माझं मत ठरलं होतं.

आमच्या धंद्यात जास्तीचं वाचन ही कमी वाचण्यापेक्षा नेहमीची चूक आहे. कमी वाचलं तर दुसऱ्या वेळी सापडतं. जास्त वाचलं तर कागदावर पडलेला शब्द पुसत नाही. लायसन्सच्या फॉर्मवर अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो. लग्नाच्या कायद्यातून अपस्माराचं कारण १९९९ साली काढून टाकलं, पण सोयरीक जुळवणाऱ्यांच्या बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही.

पण तुमच्या भावाच्या बाबतीत ईईजीच्या आधीचा प्रश्न जास्त मोठा आहे आणि तो दोन्ही अहवालांत नाही: जेटीवर त्या दिवशी नेमकं झालं काय?

तुम्ही लिहिलंय की तो पहाटेपासून उपाशी होता, ऊन मी म्हणत होतं, बराच वेळ उभा होता, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला आणि मग पडला. अर्ध्या मिनिटात उठून ‘काय झालं?’ म्हणाला. हे वाचून माझ्या मनात पहिल्यांदा फिट येत नाही, साधी घेरी येते, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटून आलेली बेशुद्धी. “पण डॉक्टर, हातपाय झटकले ना!” हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. १९९४ साली जर्मन डॉक्टरांनी निरोगी माणसांना मुद्दाम घेरी आणून व्हिडिओ काढले. त्यातल्या ९० टक्के बेशुद्धींत हातपाय झटकले गेले. तेव्हा झटका म्हणजे फिट हे समीकरण मनातून काढा. त्यापेक्षा हे विचारा: झटके किती वेळ चालले, पाच-दहा सेकंद की एक-दोन मिनिटं? चेहरा पांढराफटक पडला की निळा-काळा? जीभ कडेला चावली गेली का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शुद्धीवर आल्यावर माणसं ओळखायला किती वेळ लागला? फिटनंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला, झोपाळलेला असतो. कुणीतरी चप्पल हुंगवली आणि तो उठला, असं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा तो तसाही उठणारच होता.

पट्टीचं वजन या हकिकतीवर ठरतं. ब्रिटिश हवाई दलात भरतीला आलेल्या १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी तपासले तेव्हा सुमारे ०.५ टक्के जणांच्या पट्टीत अपस्मारासारख्या लाटा निघाल्या. आजार नव्हता, लाटा होत्या. उलट ज्याला खरोखर अपस्मार आहे त्याच्या पहिल्या साध्या ईईजीत काही सापडण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २९ ते ५५ टक्के आलं आहे. म्हणजे पट्टी नॉर्मल आली म्हणून फिट नाही असं नाही, आणि लाट दिसली म्हणून फिट आहे असंही नाही. ज्याची हकिकत फिटची आहे, त्याच्या बाबतीत एक शार्प वेव्हसुद्धा खूप काही सांगते: आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे एकच फिट आली असली तरी पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा जास्त असेल तर त्याला अपस्मार म्हणतात, आणि ती शक्यता ठरवायला ईईजी लागतो. हकिकत घेरीची असेल तर तीच लाट बाजूला ठेवावी लागते. दोन अहवाल लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या हाती ही हकिकत होती? रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवरून मुंबईला गेलं तेव्हा सोबत चिठ्ठीत काय लिहिलं होतं? ‘फिट?’ एवढंच असेल, तर वाचणारा अंधारातच वाचत होता.

आता थोडं आपल्या किनाऱ्याबद्दल, कारण अर्धे मतभेद इथे रेकॉर्डिंगच्या खोलीतच जन्माला येतात. माणसं डोक्याला खोबरेल थापून येतात. तेलावर पेस्ट धरत नाही, इलेक्ट्रोडचा रोध वाढतो आणि एखादी रेघ मधेच टुणकन उडते. ती उडी एकाच इलेक्ट्रोडवर असते, शेजारच्यांना तिचा पत्ताच नसतो. नुसत्या नजरेने ती स्पाइक वाटते. दमट हवेत घाम आला की सगळ्या रेघा समुद्राच्या लाटेसारख्या सावकाश वरखाली व्हायला लागतात, त्यात खरी मंद लाट हरवते. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरची गुणगुण रेघांत उतरते. आमच्या दवाखान्यातल्या टेक्निशियनबाई आदल्या दिवशी फोन करून शॅम्पूने डोकं धुवून, पुरतं कोरडं करून यायला सांगतात, आणि रेकॉर्डिंग चालू असताना कडेला टिपत राहतात: खोकला, डास मारला, सुपारी चघळतोय. या ‘सुपारी’ने माझा एकदा चांगलाच बचाव केला आहे. कानशिलाचा स्नायू टेम्पोरल इलेक्ट्रोडच्या बरोब्बर खाली असतो. मुंबईत बसून नुसत्या रेघा बघणाऱ्याला ही टिपणं मिळाली नाहीत तर तो बिचारा काय करणार?

पुष्कळ जण विचारतात की मग संगणकालाच का वाचायला देत नाही. देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रणालीला ३०,४९३ रेकॉर्डिंग दाखवून शिकवलं होतं, आणि तिचं वाचन तज्ज्ञांच्या तोडीचं निघालं. जिथे ईईजी वाचणारं माणूसच नाही तिथे अशा गोष्टीचा फार उपयोग होईल. पण तिला शिकवलं कुणी? तज्ज्ञांनीच. त्यांचा उंबरठा तिच्यात उतरतो, फक्त तो रोज बदलत नाही आणि रात्रपाळीनंतर ढिला पडत नाही, एवढा फायदा. जेटीवर काय झालं हे तिलाही कुणीतरी सांगावंच लागणार.

तर तुम्ही काय करायचं. आधी साधा ईसीजी काढा, झाला नसेल तर आजच. तरुण माणूस अचानक पडतो तेव्हा हृदयाचा ठोका चुकला नव्हता ना, हे बघणं कुठल्याही ईईजीपेक्षा तातडीचं असतं. झोपून आणि उभं करून रक्तदाब मोजून घ्या. एमआरआय सांगितला असेल तर तो करा, आपल्याकडे मेंदूतल्या फितकृमीच्या गाठीमुळेही फिट येतात आणि त्या पट्टीत दिसतीलच असं नाही. ईईजी पुन्हा काढायचा झाला तर रात्रीची झोप कमी करून, रेकॉर्डिंगमध्ये खरी झोप लागेल असा वेळ देऊन, शक्य तर व्हिडिओसह. पण गोळ्या चालू असताना तो पुन्हा काढण्यात कितपत अर्थ आहे हे डॉक्टरांना विचारून घ्या.

मग दोघांपैकी एका डॉक्टरांसमोर बसा. ‘खरं कोण?’ असं विचारू नका, ते कुणीच सांगणार नाही. विचारा, ‘कुठल्या पानावर, कुठली लाट, आणि ती तुम्हाला तशी का वाटते?’ दोघांनी एकाच पानावर फोनवर बोलायचं ठरवलं तर बहुतेक वेळा दहा मिनिटांत मिटतं. मी हे अनेकदा केलं आहे, आणि निम्म्या वेळा माघार मीच घेतली आहे. येताना मूळ रेकॉर्डिंगची फाइल आणा, छापलेली चार पानं नकोत. त्या चार पानांत ज्याने निवडली त्याचंच मत असतं.

आणि त्या दुपारी त्याच्या शेजारी जो उभा होता त्याला घेऊन या. तुम्ही लिहिलंय की तो नेपाळी खलाशी होता आणि बंदीत गावी गेला आहे. हरकत नाही, त्याचा नंबर घेऊन ठेवा. स्पीकरवर बोलू.